कोपऱ्यातला चौकोन

फ्लीटवुड,
५ मार्च २०१९

प्रिय जिल,

रविवारी फोनवर तू विचारलंस, "बाबा, धाप का लागलीय तुम्हाला?" आणि मी सांगितलं, आत्ताच जिना चढून आलो. खोटं होतं ते. मी अर्धा तास खुर्चीतच बसलो होतो, फोनकडे बघत. तुला एक गोष्ट सांगायची असं ठरवून बसलो होतो. मग तू डुनेडिनच्या वाऱ्याचं सांगितलंस, मी इथल्या वाऱ्याचं सांगितलं, तू म्हणालीस, "बरं, ठेवते," आणि मी म्हणालो, "हो, ठेव." पंचवीस वर्षं आपण दोघं एकमेकांना हवामान सांगतोय. तुझ्याकडे पाऊस कधी पडतो हे मला आता इथल्या पावसापेक्षा जास्त ठाऊक आहे. म्हणून म्हटलं पत्र लिहावं. पत्रात निदान कुणी "ठेवते" म्हणत नाही. हा चौथा कागद आहे, आधीचे तीन फाडले.

आधी बातम्या सांगतो. क्लीव्हलीजला म्हाताऱ्यांच्या इमारतीत मला खोली मिळाली. एकोणीस तारखेला जायचं. तिथली देखरेख करणारी बाई, मिसेस प्रॉक्टर, मला खोली दाखवायला आली होती. चांगली आहे बाई, पण हातात सतत मोजपट्टी. म्हणाली, "चार फूट फळी आहे, मिस्टर हेस्केथ. त्यावर काय ठेवायचं ते तुमचं तुम्ही ठरवा." मी म्हटलं, माझ्याकडे सहाशे चौदा व्हिडिओ कॅसेट आहेत. ती हसली. थट्टा करतोय असं वाटलं तिला. मग मी हसलो नाही हे बघून तिने मोजपट्टी पर्समध्ये ठेवली आणि खिडकीतून समुद्र कसा दिसतो ते सांगायला लागली.

कॅसेट कुणालाच नकोत, जिल. चर्चजवळच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात एक पिशवी भरून घेऊन गेलो. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "अहो आजोबा, ह्या लावायच्या कशात?" मी म्हटलं, मशीनही देतो. ती म्हणाली, "मशीनसुद्धा कुणी नेत नाही." पिशवी तशीच परत आणली. येताना इतकी जड लागली की वाटेत दोनदा बाकावर बसलो. शेवटी शेजारच्या मिसेस कोलच्या जावयाने त्याची व्हॅन देऊ केली. गुरुवारी तो सगळ्या नेऊन नगरपालिकेच्या कचऱ्यात टाकणार आहे. मी नुसतं दार उघडून उभं राहायचं. वाईट वाटतं का, तर थोडं वाटतं. पण त्याहून जास्त दमल्यासारखं वाटतं. चाळीस वर्षं एखादी गोष्ट जपली की ती जपण्याचाच शीण येतो, आणि तो शीण किती होता हे ओझं खाली ठेवल्यावरच कळतं. म्हणून गुरुवारच्या आत हे पत्र पुरं करायचं आहे. कॅसेट गेल्या की तुझ्यामाझ्यात जे अडकून पडलंय ते बोलायला मला काही निमित्तही उरणार नाही.

तू लहानपणी एकदा विचारलं होतंस, तुम्हाला मॉग आणि टिली एवढे का आवडतात? मी काहीतरी उडवाउडवी केली होती. खरं उत्तर असं की माझे वडील मासेमारीच्या बोटीवर होते. तीन आठवडे समुद्रावर, तीन दिवस घरी. त्या तीन दिवसांत ते बोलायचे कमी आणि झोपायचे जास्त. पण शनिवारी सकाळी मला सिनेमाला न्यायचे, आणि पडद्यावर तो जाडा मॉग मोठ्या ऐटीत काहीतरी बेत सांगायला लागला आणि शेजारी तो काडीपैलवान टिली मान डोलवायला लागला की माझे वडील हसायचे. खांदे हलवत, डोळे पुसत हसायचे. तो माणूस मला फक्त तिथेच भेटला. ते मी नऊ वर्षांचा असताना समुद्रावर गेले आणि आले नाहीत, हे तुला माहीत आहे. म्हणजे मी सिनेमे जमवत नव्हतो हे मला कळतं, पण कळायला फार उशीर लागला आणि तोवर कपाटं भरली होती.

आधी आठ मिलिमीटरची रिळं होती, मी आणि रेग टॉमलिन्सन मिळून घ्यायचो. अख्ख्या सिनेमातली नऊ मिनिटं कापून विकायचे, तीही मुकी. भिंतीवर चादर लावून बघायचो. मग १९८१ साली आपल्याकडे व्हीसीआर आला, भाड्याचा, आणि तुझी आई म्हणाली, "हे यंत्र घरात राहायला आलंय की मी?" मॉग-टिलीचे सिनेमे तेव्हा विकत मिळत नसत. टीव्हीवर लागले की उतरवून घ्यायचे. आणि लागायचे ते जाहिरातींच्या चॅनेलवर, सुट्टीच्या दिवशी दुपारी. सुट्टीच्या दिवशी दुपारी अख्खं लँकेशर ब्लॅकपूलला येऊन माझ्या ट्राममध्ये चढायचं. मी गाडीवर. मग मधल्या जाहिराती गाळायच्या कुणी? तुझी आई म्हणाली, "माझ्याकडे बघू नकोस, माझे हात पिठात असतात." राहिलीस तू, नऊ वर्षांची.

ऐकायला सोपं होतं. जाहिरात लागली की पॉजचं बटण दाबायचं, संपली की तेच पुन्हा दाबून सोडायचं. पण दाबायला उशीर झाला तर सिनेमात साबणाचा अर्धा डबा घुसतो, आणि सोडायला उशीर झाला तर पुढचं पहिलं वाक्य जातं, कारण मशीन पुन्हा फिरायला एक सेकंद घेतं. म्हणून जाहिरात संपायच्या किंचित आधी पुन्हा दाबायचं. ते किंचित तुला जमलं तसं आमच्या मॉग-टिलीच्या चाहत्यांच्या मंडळात एकाही मोठ्या माणसाला जमलं नाही. आणि कोपऱ्यातला चौकोन तूच शोधून काढलास. मी संध्याकाळी डेपोतून आलो तर तू दारातच, "बाबा, मला कळलं जाहिरात कधी येते ते." पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा इवलासा चौकोन येतो, मिनिटभर लुकलुकतो आणि विझतो. विझला की मनात पाच मोजायचे आणि दाबायचं. तो टीव्हीवाल्यांनी एकमेकांसाठी लावलेला असायचा, आपल्यासाठी नव्हे. मी रेगला सांगितलं तर तो म्हणाला, "तुझी पोरगी हेर आहे, डेरेक." मला काय अभिमान वाटला होता. तू सिनेमा कधी बघितलाच नाहीस, नुसता कोपरा बघितलास, हे मात्र मला दिसलं नाही. चार वर्षं तू माझ्यासाठी कोपरा बघत बसलीस. एकदा तुला थिएटरमध्ये नेलं तर तिथेही तुझी नजर वरच्या कोपऱ्यातच. मी ते सगळ्यांना हसून सांगत सुटलो.

आता मंडळाचं सांगतो. मेथडिस्ट चर्चच्या मागच्या हॉलमध्ये आम्ही अडतीस जण होतो, तुला आठवत असतील. रेग गेला तीन वर्षांपूर्वी. त्याच्या बायकोने दुसऱ्याच आठवड्यात सगळ्या कॅसेट घराबाहेर काढल्या. मला फोन आला, "तुला हव्या तर उचल." मी गेलो तेव्हा पाऊस पडून गेला होता. आता आम्ही चौघं उरलो, मी, सेक्रेटरी मेव्हिस थॉर्नबर आणि ते दोन डकवर्थ बंधू, ज्यांतल्या एकाला ऐकू येत नाही आणि दुसऱ्याला सगळं त्याच्या कानात सांगावं लागतं. गेल्या महिन्यात मेव्हिसने हॉलच्या चाव्या परत केल्या. शेवटची सभा पाच फेब्रुवारीला झाली. मला तुला त्या सभेचंच सांगायचं आहे, पण त्याआधी थोडं मागे जावं लागेल.

आमच्या वर्षाच्या जेवणाची रीत तुला ठाऊक आहे. जेवण झालं की ज्याने त्याने आपला हुकलेला सीन सांगायचा. म्हणजे जो हाती लागता लागता गेला तो. प्रत्येकाकडे एक असतोच. रेगच्या बायकोने शेवटच्या दहा मिनिटांवर भाचीचं लग्न उतरवलं होतं. मेव्हिसच्या कुत्र्याने एक रीळ पुरून ठेवलं ते पुढे बागेत बटाट्यांबरोबर निघालं. ज्याची गोष्ट सगळ्यात जास्त हसवेल त्याला वर्षभरासाठी पत्र्याची किटली. मॉग एका सिनेमात असल्याच किटलीतून सूप पितो, म्हणून किटली. ती मी तीनदा जिंकलो. तिन्ही वेळा एकाच गोष्टीवर. जिलच्या बोटाच्या.

ती मी कशी सांगायचो ते तू एकदा ऐकलंस. सन पंचाऐंशी, ऑगस्टची सुट्टी, सोमवार, दुपारी सव्वादोन. मॉग-टिलीचा 'बोटीचे मालक' टीव्हीवर पहिल्यांदा लागणार. तोवर तो आमच्यापैकी कुणीही पाहिलेला नाही, रेगने नुसता एक फोटो पाहिलेला. मी ट्रामवर. तेरा वर्षांची जिल बटणावर. मॉग-टिलीला वारशात एक गळकी बोट मिळते आणि बोटीबरोबर सोळा हंस. एक्केचाळीस मिनिटं सगळं सुरळीत. मग मॉग बोटीत चढायला जातो, एक पाय बोटीत आणि एक धक्क्यावर, आणि बोट हळूहळू धक्क्यापासून सरकायला लागते. मॉगचे पाय फाकत जातात. टिली त्याला शांतपणे विचारतो, "कुठल्या बाजूला जायचंय?" आणि तिथे जाहिरात. जिल पॉज दाबते. आणि बटणावर पुन्हा बोट ठेवायला विसरते. पाच मिनिटांनी मशीन कंटाळून आपणहून बंद पडतं. तेव्हापासून आमच्या घरात मॉग एक पाय धक्क्यावर ठेवून उभा आहे, मंडळी. इथे मी उठून पाय फाकून दाखवायचो. हॉल कोसळायचा.

तुझी आई पहिल्या वर्षी ते ऐकत होती. डावा हात मांडीवर ठेवून बसली होती, तो ती नेहमी ठेवायची तसा. परत येताना ट्राममध्ये म्हणाली, "डेरेक, त्या गोष्टीत मी कुठे आहे?" मी म्हटलं, "ऑड्री, तू आलीस की ती हसायची गोष्ट राहत नाही." ती म्हणाली, "हं." आणि खिडकीतून बाहेर बघत राहिली. त्यानंतर तिने कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं असं मी म्हणणार नाही. एकदा विचारलं होतं तिने.

तू ऐकलंस ते एकोणनव्वद साली. सतरा वर्षांची होतीस, मेव्हिसला सँडविचना लोणी लावायला मदत करत होतीस. मी पाय फाकून उभा होतो आणि सगळे तुझ्याकडे वळून हसत होते. कुणीतरी ओरडलं, "जिल, बोट दाखव." तू हातातली थाळी टेबलावर ठेवलीस, नीट, आवाज न करता, आणि आत जाऊन कपबश्या विसळायला लागलीस. माझ्या हातात किटली होती. मला वाटलं तू लाजलीस. म्हणजे, वाटलं नव्हतं. वाटून घेतलं. पुढल्या वर्षी तू ॲबर्डीनला शिकायला गेलीस, तिथून न्यूझीलंड, आणि आपण हवामानाला लागलो.

जे मी हॉलमध्ये सांगायचो नाही ते असं. त्या दिवशी चारच्या सुमारास मी डेपोत गाडी लावली तेव्हा इन्स्पेक्टर धावत आला. "डेरेक, तुझ्या बायकोला हॉस्पिटलात नेलंय. मेंदूचं काहीतरी. पोरगी आहे बरोबर. जा तू, हिशेब नंतर कर." मी तसाच गणवेशात निघालो. पुढच्या ट्राममध्ये ड्रायव्हरच्या मागे उभा राहिलो. मला बसता येईना. वाटभर मी देवाला नवस बोलत होतो, मी, ज्याने लग्नानंतर चर्चमध्ये फक्त त्या हॉलसाठी पाय ठेवला. हे मी तुला सांगतो आहे कारण तुला वाटलं असेल मला पर्वा नव्हती. पर्वा होती. भीतीने माझे दात वाजत होते.

हॉस्पिटलच्या बोळात तू बाकावर बसली होतीस. पायात घरातल्या सपाता, फ्रॉकवर पीठ. मला बघून तू उठलीस. आणि मी तुला विचारलं, "सिनेमा रेकॉर्ड झाला का?"

चौतीस वर्षं झाली. मी ते वाक्य हजार वेळा परत तोंडात घालायचा प्रयत्न केला. तेच का आलं ते मला सांगता येत नाही. आईचं विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि ते उत्तर ऐकायची माझी छाती नव्हती, असं असेल. ज्याचं उत्तर सोसेल असंच काहीतरी विचारलं असेल. पण हे सगळं मी मागाहून जुळवलं. तुझ्या कानांवर जे पडलं ते एवढंच. तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "जाहिरात लागली होती, बाबा. मी थांबवलं होतं." आणि परत बसलीस. त्या दिवसानंतर तू माझ्यासाठी एकदाही बटण धरलं नाहीस, आणि मीही एकदाही का म्हणून विचारलं नाही.

डॉक्टर मला काय म्हणाला ते तुला कधीच सांगितलं नाही. तो म्हणाला, "मुलीने लगेच फोन केला म्हणून वाचल्या. अजून पाव तास गेला असता तर काही हाती लागलं नसतं." आईचा डावा हात गेला, पण आई राहिली. सव्वीस वर्षं राहिली. एका हाताने ॲपल पाय भाजायची, एका हाताने मला धपाटे घालायची. ती सव्वीस वर्षं तू दिलेली आहेस, जिल, आणि मी त्यावर किटल्या जिंकत बसलो.

२००४ साली मॉग-टिलीचा डीव्हीडीचा मोठा संच निघाला. सगळे सिनेमे, स्वच्छ, पूर्ण, एकाही जाहिरातीशिवाय. मंडळातल्या प्रत्येकाने घेतला आणि मग प्रत्येकजण थोडा हिरमुसला, कारण आता शोधायला काही उरलं नव्हतं. मी आणि आईने दुपारी पडदे ओढून 'बोटीचे मालक' लावला. एक्केचाळीस मिनिटं मला पाठ होती. मग मॉगचे पाय फाकले, टिलीने विचारलं, आणि मी खुर्चीच्या हातांना धरून बसलो. मॉग पाण्यात पडला. दुसरं काय होणार होतं? मग हंस पाठीमागे लागतात, बराच वेळ लागतात, मग एक श्रीमंत काका येतो आणि संपतं. एकवीस मिनिटं. खरं सांगतो, फारसं काही नाही त्यात. आई म्हणाली, "हे होय?" मी म्हटलं, "हो." ती उठली आणि एका हाताने पडदे उघडले. मला इतकी लाज वाटली की मी बाहेर जाऊन बागेत उगाच काहीतरी खणत बसलो. सोळा हंसांसाठी मी तुला ते विचारलं होतं.

तरीसुद्धा डीव्हीडी मी परत कधी लावली नाही. कॅसेट लावतो. तुझ्या सगळ्या कॅसेट लावतो. आपल्या घरात समुद्राची दमट हवा, त्यामुळे कित्येकांना बुरशी आली, चित्रावर पाऊस पडतो. पण जोड दिसतात. कोपऱ्यात चौकोन येतो, विझतो, मी पाच मोजतो आणि चित्र किंचित थरथरून पुढे जातं. तिथे तू असतेस. एकेका सिनेमात तू चारदा येतेस. मी काय बघतो असं कुणी विचारलं तर मॉग-टिली बघतो असं सांगतो. 'बोटीचे मालक'ची कॅसेट मी मागच्या महिन्यात पुन्हा लावली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा नीट बघितली. चौकोन विझला. मी मोजले. एक, दोन, तीन, चार, पाच. आणि कट. एक चौकटसुद्धा इकडे नाही की तिकडे नाही. जाहिरातीचा रंगसुद्धा दिसत नाही. तू विसरली नव्हतीस. तू तुझं काम चोख केलंस, आणि मग त्याहून मोठं काम आलं. पुराव्याची कॅसेट माझ्याच कपाटात होती आणि मी जगभर उलटं सांगत होतो.

म्हणून शेवटच्या सभेला गेलो तेव्हा ठरवून गेलो. चौघंच होतो. मेव्हिसने बिस्किटं आणली होती, हॉलमध्ये थंडी होती म्हणून कुणी कोट काढला नाही. ती म्हणाली, "डेरेक, शेवटचं आहे, जिलच्या बोटाची गोष्ट होऊन जाऊ दे." डकवर्थांपैकी थोरल्याने खुर्ची पुढे ओढली, कारण त्याला पाय फाकलेले दिसले की पुरे. मी उभा राहिलो आणि पहिल्यापासून सांगितली, या वेळी आईला आत घेऊन. पीठ, सपाता, बोळ, मी काय विचारलं ते, डॉक्टर काय म्हणाला ते. कुणी हसलं नाही. धाकटा डकवर्थ थोरल्याच्या कानात सांगत होता, त्यामुळे मला प्रत्येक वाक्य दुसऱ्यांदा ऐकू येत होतं. मी काय विचारलं तिथपर्यंत आल्यावर तो सांगायचा थांबला. थोरला म्हणाला, "काय? काय म्हणाला तो?" धाकट्याने मान हलवली. मेव्हिसने चष्मा काढून पुसला आणि म्हणाली, "आणि आम्ही तिला बोट दाखव म्हणून ओरडलो होतो." मग ती चहा करायला उठली. जाताना मला किटली देऊ लागले, आता परत कुणाला द्यायची नाही, तूच ठेव म्हणून. मी ती तिथल्या सिंकखाली ठेवून आलो.

घरी आल्यावर बरं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं. ज्यांना सांगायचं नव्हतं त्यांना सांगून आलो होतो, एवढंच. चार फुटांच्या फळीवर आईचा फोटो ठेवणार आहे, तो ब्लॅकपूलच्या टॉवरजवळचा, केस उडताहेत तो, आणि शेजारी ती एक कॅसेट. मशीनही नेणार आहे. मिसेस प्रॉक्टरला विचारलं, ती म्हणाली, "न्या, पण बाकीचं कपड्यांच्या कपाटात." बाकीच्या सहाशे तेरा गुरुवारी जातील. तुला त्यातली एखादी हवी असेल असं मला वाटत नाही. तुला त्यांचा कंटाळा आला असेल तर तो तुझा हक्क आहे.

माफी मागतोच आहे, जिल, पण नुसती माफी मागितली तर तू "असू द्या हो बाबा" म्हणशील आणि आपण वाऱ्यावर येऊ, मला माहीत आहे. हे पत्र मी लिहिलं ते त्या बोळात जे विचारायला हवं होतं ते विचारण्यासाठी. चौकोन विझला, तू पाच मोजलेस आणि पॉज दाबलंस, इथपर्यंत माझ्याजवळ आहे. पुढचं मला काहीच माहीत नाही. आई पडल्याचा आवाज आला का तुला? ती काही बोलली का? फोन लगेच लागला का? गाडी येईपर्यंत तू तिच्याजवळ बसून काय बोलत होतीस, आणि तिने तुझा हात धरला होता का, आणि कुठल्या हाताने? त्या बाकावर तू किती वेळ एकटी होतीस? तुला कुणी पाणी तरी विचारलं का? फार घाबरली होतीस का, पोरी? पत्र मिळेल त्यानंतरच्या रविवारी मी नेहमीच्या वेळी फोनजवळ असेन. पहिल्यापासून सांग, जेवढा वेळ लागेल तेवढा लागू दे. मी मध्ये कुठेच थांबवणार नाही.

तुझाच,
बाबा